१९५६ ची रेष विचारून मारली नव्हती, या वेळी विचारावंच लागेल

५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा आपण सगळ्यांनीच स्टेटस ठेवले होते. मध्य प्रदेशचा ५५ वा जिल्हा. पांढुर्णा आणि सौंसर छिंदवाड्यातून वेगळे निघाले. "शेवटी आपला जिल्हा झाला" असं मीही लिहिलं होतं. आज त्यातल्या "आपला" या शब्दाबद्दल बोलायचं आहे.

कलेक्टर बसला, पाटी लागली म्हणजे जिल्हा आपला होत नाही. पुढची वीस वर्षं कुठं काय उभं राहणार हे ठरवताना आपल्याला विचारलं जातं का, यावर ते ठरतं. जिल्ह्याचं मोठं रुग्णालय कुठं? कोर्ट कुठं? कॉलेज, बसस्टँड, मंडी, कोल्ड स्टोरेज कुठं? कोणत्या गावची संत्र्याची बाग शेतीच राहील आणि कोणत्या बागेवर प्लॉट पडतील? नवीन जिल्ह्यात हे प्रश्न एकदाच, पण एकदम येतात. इमारत एकदा बांधली की ती कोणी उचलून दुसरीकडे ठेवत नाही.

आणि आपण काय करतो? आपल्या ग्रुपवर १९५६ चे नकाशे फिरवतो.

नकाशे फिरवायलाच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्या नकाशातून एक गोष्ट शिकायची राहून गेली. राज्य पुनर्रचना झाली तेव्हा जिल्हा हे एकक धरलं होतं. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा हिंदी जिल्हा म्हणून मोजला गेला, म्हणून अख्खा तिकडे राहिला. त्या छिंदवाड्यात सौंसर तहसील मराठी होती आणि तेव्हा पांढुर्णा सौंसर तहसिलीतच होता. म्हणजे आपण वेगळे आहोत हे दिसत होतं, पण ते टेबलावर कोणी जिल्ह्याच्या हिशोबात मांडलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला सकाळी उठलो तर राजधानी नागपूरहून भोपाळला गेलेली. आधीच्या मध्य प्रदेशात हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती, तीही गेली.

त्या रेषेवर आपल्या आजोबांना कोणी हरकत घ्यायला बोलावलं नव्हतं. पण आता जिल्ह्याच्या आत जमिनीवर ज्या रेषा पडणार आहेत, त्यांच्याबद्दल सरकारला आपल्याला विचारावंच लागतं. तसा कायदा आहे.

कायदा थोडक्यात सांगते, कारण कॉलेजात आम्हाला हा परीक्षेपुरता शिकवतात आणि तिथंच संपतो.

पहिला, मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३. एखाद्या शहराचं आणि त्याच्याभोवतीच्या गावांचं "निवेश क्षेत्र" ठरतं. मग आज कोणती जमीन कशासाठी वापरली जाते याचा नकाशा होतो. मग विकास योजनेचा मसुदा येतो, लोक ज्याला मास्टर प्लॅन म्हणतात तो. त्यात राहण्याची जागा, बाजार, उद्योग, शाळा-दवाखाने, मैदानं, शेती, सगळ्याला वेगवेगळे रंग असतात. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचनांसाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात, आणि हरकत घेणाऱ्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते.

दुसरी, संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने आलेली जिल्हा नियोजन समिती, कलम २४३ झेडडी. पंचायती आणि नगरपालिका यांच्या योजना एकत्र करून अख्ख्या जिल्ह्याचा आराखडा करणं हे तिचं काम. जागेचं नियोजन, पाण्याची वाटणी, रस्त्यांसारख्या सोयी, पर्यावरण, हे विषय तिनं बघायचे असं संविधानच सांगतं. तिचे किमान चार-पंचमांश सदस्य पंचायत आणि नगरपालिकेत निवडून आलेल्यांमधून यायला हवेत. म्हणजे आपण ज्यांना निवडणुकीत मत देतो आणि नंतर फक्त लग्नात भेटतो, तेच लोक.

आता मुद्द्यावर येते. हे सगळं हिंदीत होतं, आणि तेही कोणी बोलत नाही अशा हिंदीत.

आमच्या काकांना शेताच्या कडेला संत्री छाटायला-भरायला शेड टाकायचं होतं. कोणीतरी म्हटलं, ग्राम निवेशची परवानगी लागते. काकांचा मला फोन: "पोरी, हे निवेश म्हंजे कोठी पैसे गुंतवा लागते का आपल्याले?" हसू नका. निवेश म्हटलं की टीव्हीवर म्युच्युअल फंड दिसतो, आणि इथं त्याचा अर्थ आहे नियोजन. "उपांतरण" म्हणजे योजनेत बदल. "आमोद-प्रमोद" म्हणजे बाग-मैदान. ज्या दिवशी नकाशात काकांच्या शेतावर हा रंग चढेल, त्या दिवशी कागदावर "आमोद-प्रमोद" लिहिलेलं असेल, आणि काका समजतील की गावात काहीतरी कार्यक्रम आहे. हरकतीचे ३० दिवस अर्थ समजण्यातच जातील.

यावर नेहमीचं उत्तर मला माहीत आहे. "इथं सगळ्यांना हिंदी येते." येते ना! आपण हिंदीत शिकलो, पेपर हिंदीत लिहितो, सिनेमे हिंदीत बघतो. पण बाजारात भाव करायची हिंदी वेगळी आणि आपली जमीन वाचवायची हिंदी वेगळी. आणि प्रश्न माझ्या-तुमच्यासारख्या कॉलेजवाल्यांचा नाहीच. जमीन ज्यांच्या नावावर आहे ते पन्नाशी-साठीचे आहेत. घरात कोणी वऱ्हाडी बोलतं, कोणी पवारी, कोणी गोंडी. नकाशा त्यांना समजला पाहिजे, त्यांच्या पोराला नव्हे.

दुसरं उत्तर आपल्याच माणसांकडून येतं, आणि ते मला जास्त टोचतं. "मध्य प्रदेशच्या प्लॅनमध्ये कशाला डोकं घालायचं? आधी महाराष्ट्रात जाऊ, मग बघू." मित्रांनो, समजा उद्या सीमा सरकली. जमीन तर तीच राहणार आहे ना? बाग तोडून पाडलेले प्लॉट महाराष्ट्रात गेल्यावर परत बाग होणार आहेत का? ज्या नाल्यावर कॉलनी बसली तो नाला मराठीत वाहायला लागेल का? सीमेचा निकाल कधी लागेल ते लागेल. प्लॅनचा निकाल त्याआधी लागतो आणि तो दोन पिढ्या टिकतो. आराखड्याकडे पाठ फिरवणं म्हणजे दुसऱ्यानं आपलं गाव आखावं याला मूक संमती देणं.

मराठीचा हक्क इथं हवेत मागायची गरज नाही. संविधानाचं कलम ३५० वाचा. तक्रार निवारणासाठी कोणत्याही अधिकाऱ्याला अर्ज करायचा, तर राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करता येतो. मराठी मध्य प्रदेशात वापरली जाते हे बुऱ्हाणपूरपासून बालाघाटपर्यंत कोणीही सांगेल. कलम ३५० ए, म्हणजे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय, हे तर १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीनं आलं. ज्या वर्षी रेष मारली, त्याच वर्षी रेषेच्या चुकीच्या बाजूला राहिलेल्यांसाठी हे लिहून ठेवलं. सत्तर वर्षं होत आली, आपण ते वापरायला शिकलो नाही.

आणि हो, जे मराठीसाठी मागू तेच गोंडीसाठीही मागायचं. नाहीतर आपल्यात आणि भोपाळच्या फाईलीत फरक काय?

आता जागेचं बोलू. आपला जिल्हा नकाशावर बघा. पांढुर्णा नागपूर-इटारसी मुख्य रेल्वे लाईनवर आणि ४७ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावर. सौंसर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर आणि जुन्या छोट्या लाईनवर, जी २०१५ मध्ये बंद होऊन ब्रॉडगेज झाली. दोन तहसिली, दोन वेगळे रस्ते, दोन वेगळ्या रेल्वे, आणि दोन्हींचं एक टोक नागपूर. पेशंट सिरीयस झाला की गाडी कुठं वळते हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे: मेडिकल नाहीतर मेयो. संत्रा तिकडे, लग्नाचा बस्ता तिकडे, क्लासेस तिकडे.

भोपाळच्या नकाशात मात्र राज्याची सीमा आली की कागद पांढरा होतो. सौंसरच्या पुढे जणू समुद्र आहे! इथल्या जिल्ह्याचा आराखडा करताना सावनेर, काटोल, वरूड दिसलेच पाहिजेत. लोक जिथं रोज जातात ते नकाशात नसेल, तर रस्ता कुठं रुंद करायचा आणि रुग्णालय कोणत्या दर्जाचं लागेल, हे ठरणार कसं?

आणि जिल्ह्याच्या आत पांढुर्णा विरुद्ध सौंसर ही कुस्ती बंद करा. मुख्यालय पांढुर्ण्याला आहे. मग सौंसर, लोधीखेडा, रामाकोना, पिपळा नारायणवार इथल्या माणसाला एका कागदासाठी पूर्ण दिवस घालवावा लागू नये, याची सोय आराखड्यात पाहिजे. दोन शहरांना जोडणारा रस्ता आणि त्यावरच्या बसेस ही जिल्ह्याची पहिली सार्वजनिक सोय. रात्री बाळंतीण नेता येत नसेल तर जिल्हा कागदावरचाच. बोरगावला उद्योग आले. तिथं काम करणाऱ्यांची घरं, पाणी, शाळा कुठं, हेही त्याच नकाशात हवं. पांढुर्ण्यात जाम नदीचे दोन्ही काठ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला अख्खा देश टीव्हीवर बघतो. उरलेले ३६४ दिवस त्या काठावर काय बांधायचं आणि काय नाही, हे कोण बघतं?

प्लॅन नसला तर काय होतं त्याचं उदाहरण खुद्द राजधानी आहे. भोपाळचा मास्टर प्लॅन १९९५ मध्ये मंजूर झाला आणि २००५ पर्यंतचा होता. त्यानंतर मसुदे आले, वाद झाले, आणि शहर वर्षानुवर्षं मुदत संपलेल्या नकाशावर वाढत राहिलं. राजधानीचे हे हाल, तर कोपऱ्यातल्या नव्या जिल्ह्याची आठवण आपण करून दिल्याशिवाय कोणाला होणार?

म्हणून चार कामं. मोर्चा नाही, बंद नाही.

एक. आपलं गाव निवेश क्षेत्रात आहे का, हे ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका.

दोन. मंगळवारच्या जनसुनवाईत मराठीत अर्ज द्या. एवढंच लिहा: "जिल्ह्याचे आराखडे, त्यांच्या सूचना आणि नकाशांवरील खुणा मराठीतही प्रसिद्ध कराव्यात, आणि मराठीतील हरकती स्वीकाराव्यात. संविधान, कलम ३५०." पोच घ्या. घेतला नाही तर "घेतला नाही" हेही तारखेसह लिहून ठेवा.

तीन. ग्रामसभेत गावाची यादी करा: शाळेची जागा, स्मशान, मैदान, नाला, चराई, पांदण रस्ते. ठराव करून पाठवा. आपण सांगितलं नाही तर वरून बघणाऱ्याला ती मोकळी जमीनच दिसणार.

चार. जिल्हा नियोजन समितीत आपला कोण माणूस आहे ते शोधा आणि त्याला विचारा, शेवटच्या बैठकीत काय बोललास?

१९५६ ला आपल्या आजोबांकडे विचारणारं कोणी आलं नाही, म्हणून आपण त्यांना दोष देत नाही. आपल्याला मात्र ३० दिवस मिळतात. ते झोपेत गेले तर आपली नातवंडं कोणाचे नकाशे फिरवतील?