ओसरीवर : मगर पाळावी का?

निलंगा तालुक्यातल्या एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. लिहितात, "तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. सोयाबीनचा खर्च निघत नाही. शेततळे आहे, पण त्यात पाणी असते तेव्हाही पैसा येत नाही. परदेशात मगरी पाळतात, त्यांच्या कातड्याला आणि मांसाला मोठा भाव येतो, असे कळले. पिल्ले आम्ही देऊ आणि मोठी झाली की आम्हीच विकत घेऊ, असे सांगणारा एक गृहस्थही भेटला आहे. पण आमच्या सौ. म्हणतात, हे पाप आहे. मी विचारले, बोकड कापतो तेव्हा पाप होत नाही, मग मगरीचेच कसे होते? यावर दोघांचेही अडले आहे. तुम्ही निवाडा करावा."

पत्र वाचून हसू आले नाही. ज्याच्या घरात दोन्ही बाजूंनी एवढा विचार होतो, त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

आधी व्यवहाराचे सांगतो. आपल्याकडची मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. तिला पाळणे, विकणे, तिचे कातडे जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. तेव्हा पिल्ले देणाऱ्या गृहस्थांना ओसरीवरूनच रामराम करा. "पिल्ले आमची, खरेदीही आमची" हे बोल आपण पूर्वी ऐकले आहेत. ऑस्ट्रेलियातला इमू पक्षी असाच मांस, कातडे आणि तेल यांच्या नावाने गावोगाव आला होता. तामिळनाडूतल्या इरोडकडचा त्याचा मोठा डोलारा २०१२ साली कोसळला. आपल्या महाराष्ट्रातही कितीतरी शेतकऱ्यांच्या गळ्यात खाणारे पक्षी उरले आणि घेणारा कोणी उरला नाही.

पण कायदा आहे म्हणून नको, एवढ्यावर तुमच्या सौ.चे समाधान होणार नाही. कायदे बदलतात. त्यांनी विचारले आहे ते पापपुण्याचे. तिकडे वळू.

मगर आपल्याला फार परकी नाही. आपली मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटात उगम पावते, लातूर भिजवते, बिदरकडून खाली उतरते आणि नांदेडच्या सीमेवरून गोदावरीला मिळते. वाटेत तेलंगणात संगारेड्डीजवळ तिच्याच पाण्यात मगरींचे अभयारण्य आहे, १९७८ साली झालेले. तिथली मगरीण उन्हाळ्याच्या तोंडी काठाच्या मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि दोन महिने जवळपास राहून राखण करते. पिल्ले आतून आवाज देऊ लागली की ती माती उकरते. ज्या जबड्यात म्हशीचे रेडकू मोडते, त्याच जबड्यात वीतभर पिल्ले धरून ती अलगद पाण्यात नेऊन सोडते. "नक्राश्रू" हा शब्द ज्याने केला, त्याने हे पाहिले नसावे.

आता परदेशातल्या मगरपालनाकडे पाहू. अमेरिकेत सुसरी-मगरींच्या जातकुळीतला अ‍ॅलिगेटर शिकारीने इतका कमी झाला की १९६७ साली त्याला संकटग्रस्त ठरवावे लागले. पुढे संरक्षण मिळाले, संख्या वाढली आणि १९८७ साली त्याचे नाव त्या यादीतून निघाले. लुईझियाना राज्यात आज दलदलीतली अंडी परवान्याने गोळा करतात, पिल्ले वाढवतात आणि ठराविक वाटा पुन्हा दलदलीत सोडतात. दलदलीच्या मालकाला अंड्यांचे पैसे मिळतात, म्हणून तो दलदल बुजवत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे.

पण पुढचेही पाहावे. भाव असतो तो पोटाकडच्या मऊ कातड्याला. त्यावर एक ओरखडा आला तरी भाव पडतो. मग मगरी एकमेकींना चावू नयेत म्हणून कित्येक ठिकाणी मोठी होत आलेली मगर एकेकट्या खणात ठेवतात. जिला नदीचा काठ, ऊन आणि खोल पाणी हवे, तिला सिमेंटचे चार हात. मारतानाही नीट काळजी घेतली नाही तर मोठे हाल होतात, कारण थंड रक्ताच्या या प्राण्याचा मेंदू मान तोडल्यावरही बराच वेळ जिवंत राहतो. आणि हे सारे कोणाची भूक भागवण्यासाठी? मांस थोडेफार खपते, पण धंदा उभा असतो तो श्रीमंतांच्या पिशव्या, पट्टे आणि बुटांवर.

भारतातही १९७५ साली मगर वाचवण्याची योजना सुरू झाली. पुढे कातड्यासाठी मगरपालन करू द्यावे, असेही काही जाणकारांनी सुचवले होते. सरकारने ते मानले नाही. पैदास मात्र उत्तम झाली. चेन्नईजवळ १९७६ साली निघालेल्या मगरींच्या केंद्रात एवढ्या मगरी झाल्या की जागा पुरेना आणि अलीकडे शेकडो मगरी गुजरातेत जामनगरला पाठवाव्या लागल्या. जन्माला घालणे सोपे असते, जन्मभर सांभाळणे अवघड. मगर कित्येक दशके जगते.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. बोकड आणि मगर यांत फरक जिवाचा नाही. दोघांनाही जीव तेवढाच प्यारा. फरक आहे तो पाळण्यात. शेळी हजारो वर्षे माणसाच्या अंगणात राहिली. ती बांधावरचा पाला खाते, हाकेला येते, दूध देते, लेंडीखत देते. तिला जे हवे ते आपण देऊ शकतो, म्हणून तिच्यावर आपला थोडा हक्क पोचतो. मगरीला हवे ते आपल्याजवळ नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ते पाणी कृष्णेचे, जिच्या काठावर सांगलीकडे आजही मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. ज्या मुलखाला प्यायचे पाणी रेल्वेने आणावे लागले, त्याने मगर कुठे ठेवायची आणि तिला रोज मांस-मासळी कुठून घालायची? ज्याला सुखाचा एक दिवस देता येत नाही, त्याला नुसते कापण्यासाठी कोंडणे याला मी पाळणे म्हणणार नाही. तुमच्या सौ. "पाप" म्हणाल्या ते याच अर्थाने असावे.

पण हे माप एकट्या मगरीला लावून आपण सुटत नाही. शेडमध्ये दाटीवाटीने वाढणारी कोंबडी, टेम्पोत कोंबून बाजाराला नेलेले बोकड, २०१५ च्या कायद्यानंतर विकता येत नाही म्हणून रात्री दुसऱ्याच्या शिवेत सोडून दिलेला म्हातारा बैल, यांनाही हेच माप लागते. पोळ्याला पुरणपोळी आणि उतारवयात बेवारशी, हे कोणत्या हिशेबात बसते? इथे तुमचा प्रश्न बरोबर होता, मंडळी. मगरीचे पाप दिसते, कारण ती लांब आहे. आपल्या गोठ्यातले डोळ्याआड होते.

मगरीशेजारी शेती करणारे शेतकरीही आहेत. गोव्यात फोंडा तालुक्यात बोरी, दुर्भाट या भागांत खाडीकाठी खाजण शेती आहे. बांध फुटला की खारे पाणी शिरून पीक जाते. तिथले शेतकरी पौष अमावास्येला चिखलाची मगर थापून तिची पूजा करतात. "मानगे थापणी" म्हणतात तिला. मगरीने बांध राखावा, माणसाला त्रास देऊ नये, एवढेच मागणे. तिचे कातडे ते मागत नाहीत.

तेव्हा माझे ऐकाल तर मगरीचा नाद सोडा. जोडधंदा हवाच असेल तर आपली उस्मानाबादी शेळी आहे. आपल्या उन्हात टिकते, अनेकदा जुळी देते आणि तिच्या मांसाला व कातड्यालाही मागणी आहे. दोन शेळ्यांपासून सुरुवात करा. त्यांना सावली, पोटभर पाला आणि वेळेवर लस द्या. विकायची वेळ येईल तेव्हा टेम्पोत कोंबू देऊ नका. हिशेबाची वही सौ.च्या हाती ठेवा. ज्या बाईला मगरीची दया आली, तिच्या हाती गोठा वाईट राहणार नाही.