करपा का येतो, हे मुलांना कळू द्या



आपल्या हिंगोलीत भात फारसा नाही, पण ‘करपा’ हा शब्द घराघरात माहीत आहे. हळदीवर तो येतोच. हळदीची बुरशी वेगळी, भाताची वेगळी. तरीही भाताच्या करप्याची गोष्ट वर्गात सांगावी, असं माझं मत आहे.

या बुरशीचं नाव मॅग्नापोर्थे ओरायझी. तिचा तीन पेशींचा बीजाणू ओल्या पानावर चिकटतो. त्याला कोंब फुटतो, टोकाला फुगा तयार होतो. फुग्यातला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ८० पट! त्या जोरावर बुरशी पानात घुसते. पण पानातून अजून घासभरही मिळालेला नसताना एवढी ताकद येते कुठून?

बीजाणू स्वतःलाच खातो. आपल्याच पेशींतले भाग मोडून तो माल फुग्याला पुरवतो आणि मरून जातो. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून आपण नवी वही शिवतो ना, तसंच. याला ऑटोफॅजी म्हणजे स्वभक्षण म्हणतात. यीस्टमध्ये याची जनुकं शोधणाऱ्या जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. त्याआधी २००६ मध्ये इंग्लंडच्या निकोलस टॅलबट यांच्या गटाने करप्याच्या बुरशीतलं एटीजी८ हे जनुक काढून टाकलं. बुरशी जगली, पण रोग करू शकली नाही. २००९ मध्ये अशी १६ जनुकं रोगासाठी गरजेची असल्याचं त्यांनी दाखवलं.

तुम्ही म्हणाल, प्राथमिकच्या लेकरांना हे कशाला? जनुकांची नावं नकोतच. पण ‘रोगावर उपाय लिहा’ म्हटलं की मुलं ‘औषध फवारणी’ लिहून मोकळी होतात. कधी आणि का, हे कुणी विचारत नाही. भातावरचं ट्रायसायक्लॅझोल फुग्याच्या भिंतीतला काळा रंग बनू देत नाही, म्हणून दाब टिकत नाही. म्हणजे ते बुरशी घुसण्याआधीच कामाचं. पडलेला ठिपका त्याने भरून येत नाही. उशिरा मारलेल्या औषधाचे पैसे वाया जातात आणि विषारी फवारा बापाच्या अंगावर उडतो तो वेगळाच.

म्हणून पालकहो, पिकावर ठिपका दिसला तर मुलांना जवळ बोलवा, दाखवा. दुकानदाराला विचारण्याआधी तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा. आणि शिक्षकांनो, पुढच्या चाचणीत ‘उपाय लिहा’च्या पुढे एकच शब्द जोडा: ‘का?’