आगीला आमंत्रण देणारे गवत

जुलै २०१८ मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या उत्तर भागात लागलेली ‘मार्टिन फायर’ ही आग काही दिवसांतच सुमारे ४ लाख ३५ हजार एकरांवर पसरली. एका ठिणगीतून पेटलेली या राज्याच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी आग. बातमी वाचणाऱ्याला वाटावे की अरण्य जळाले. पण तेथे अरण्य फारसे नव्हतेच. जळाले ते निमवाळवंटी माळरान. ज्या माळावर झुडपाझुडपांत मोकळी माती असायची आणि आग दहा पावलांवर आपोआप विझायची, तेथे ती मैलोन्‌मैल धावली. मधली मोकळी जागा एका परक्या गवताने भरून काढली होती, हे त्याचे कारण. ‘चीटग्रास’ हे त्याचे रूढ नाव. गव्हाच्या शेतात शिरून शेतकऱ्याला फसवणारे म्हणून ‘चीट’, अशी या नावाची उपपत्ती सांगितली जाते.

शास्त्रीय नाव ब्रोमस टेक्टोरम, म्हणजे ‘छपरांवरचे’. युरोपात शाकारलेल्या छपरांवर ते उगवत असे. युरोप आणि पश्चिम आशियातील हे गवत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धान्याच्या बियाण्यातून आणि सामान बांधण्याच्या पेंढ्यातून अमेरिकेच्या पश्चिम भागात पोचले. १९३० च्या सुमारास ते आजच्या बहुतेक प्रदेशात पसरलेले होते. त्याला वाट करून दिली ती गुराढोरांच्या बेसुमार चराईने. मूळचे बहुवार्षिक गवत ठोंबाठोंबाने वाढणारे, मुळाशी कुरतडले की पुन्हा उभे राहायला वेळ घेणारे. ते हटले आणि जागा रिकामी झाली. दोष केवळ गवताच्या माथी मारणे सोयीचे असले, तरी ते अर्धसत्य आहे.

हे गवत ओळखायला कठीण नाही, फक्त योग्य वेळी पाहावे लागते. पाने आणि खोडाला वेढणारे त्यांचे आवरण मऊ लवेने भरलेले असते. तुरा एका बाजूला झुकलेला, नाजूक, आणि प्रत्येक दाण्याला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचे सरळ कुसळ. वसंतात हिरवे, दाणे पक्व होताना जांभळट तांबूस, मग पेंढ्याच्या रंगाचे. माळ दुरून जांभळा दिसू लागला की समजावे, बी तयार होत आले. उपटायची वेळ बहुतेक निघून गेली. याचेच दोन भाऊबंदही आता त्या प्रदेशात आहेत. ‘मेडुसाहेड’ची लांब, पिळलेली कुसळे सापांच्या जटांसारखी दिसतात, ते चीटग्रासनंतर दोन-तीन आठवड्यांनी पिकते आणि त्यात सिलिका इतकी असते की गुरे त्याला तोंड लावत नाहीत. दुसरे ‘व्हेंटेनाटा’, तारेसारखे बारीक. तिघांवरचे उपाय आणि उपायांच्या वेळा सारख्या नाहीत. म्हणून ओळख पटवणे ही केवळ हौशी वनस्पतिप्रेमींची बाब राहत नाही. (आपल्याकडे गाजर गवताला सारेच गवत म्हणतात; वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे. पुण्यात १९५० च्या दशकात ते प्रथम नोंदले गेले, आणि त्याच्याही आगमनाचा संशय परदेशी धान्यावरच घेतला जातो.)

चीटग्रासचे सारे बळ त्याच्या वेळापत्रकात आहे. शरद ऋतूतील पावसावर ते रुजते आणि इतर रोपे थंडीने निपचित असताना मुळे वाढवत राहते. वसंतात मातीतील ओल ते आधी पिऊन टाकते, आणि जून उजाडता उजाडता बी टाकून वाळूनही जाते. तेथील स्थानिक गवते त्या वेळी हिरवी असतात. परिणामी आगीचा मोसम आठवड्यांनी अलीकडे येतो आणि काडी पेटवायला अखंड सरपण आयते मिळते. सेजब्रश हे तेथील मुख्य झुडूप जळाल्यावर बुंध्यातून फुटत नाही, त्याला बियांपासूनच पुन्हा यावे लागते. एकेकाळी अनेक दशकांनी, कित्येक ठिकाणी शतकाने येणारी आग आयडाहोतील स्नेक नदीच्या मैदानात काही जागी तीन ते पाच वर्षांनी येऊ लागली. एवढ्या अवधीत सेजब्रश उभे राहणे अशक्य. चीटग्रासचे बी मात्र मातीत पडलेले असते, आणि आग त्याचे प्रतिस्पर्धी तेवढे संपवते. जेनिफर बाल्च आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासानुसार ग्रेट बेसिनमधील चीटग्रासचे पट्टे स्थानिक वनस्पतींच्या पट्ट्यांपेक्षा जवळपास चौपट वेळा जळतात.

याची किंमत सेजग्राउझ पक्ष्याने मोजली. हिवाळ्यात तो जवळजवळ केवळ सेजब्रशच्या पानांवर जगतो. २०१५ मध्ये त्याला संकटग्रस्त जातींच्या यादीत घालू नये असा निर्णय झाला. त्यामागे राज्ये, पशुपालक आणि केंद्र सरकार यांनी अधिवास राखण्याची हमी होती. ती हमी या गवताला ठाऊक नाही.

पशुपालकांची स्थितीही सरळ नाही. हिरवे असताना चीटग्रास चांगला चारा असतो, पण त्याचे दिवस मोजके. वाळल्यावर तीच कुसळे जनावरांच्या डोळ्यांत आणि तोंडात रुततात. ज्या वर्षी पाऊस कमी त्या वर्षी ते उगवतच नाही, मग गुरे कशावर पोसायची?

उपायांची यादी लांब आहे, यश तोकडे. तणनाशके, आग लागून गेलेल्या जागी विमानातून सेजब्रशचे बी टाकणे, गुरे वसंतात नेमक्या वेळी चारणे हे सारे करून झाले. २०२० मध्ये अमेरिकेच्या भूव्यवस्थापन विभागाने सहा राज्यांत ११ हजार मैलांपर्यंत अग्निरोधक पट्टे आखण्याची योजना मंजूर केली. टीकाकारांचा आक्षेप असा, की जमीन खरवडलेला प्रत्येक पट्टा याच गवताला नवी वाट देतो. आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही; पण आग धावत असताना अग्निशामकांना उभे राहायला कोठे तरी जागा लागते, हेही तितकेच खरे. आमच्या मते शहाणपण पैसा आधी न बिघडलेल्या माळांवर खर्च करण्यात आहे. बिघडलेला माळ परत मिळवणे अतोनात महाग पडते, आणि मिळेलच अशी खात्री नसते. पण राजकीय लक्ष जेथे नुकताच धूर निघाला तेथेच जाते, आणि निधीही त्याच मागे.

दरम्यान ग्रेट बेसिनमध्ये वार्षिक गवतांनी व्यापलेले क्षेत्र १९९० पासून आठपटीहून अधिक वाढल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रहाधारित अभ्यासात दिसले. उंचावरचे आणि उत्तरेकडे तोंड असलेले थंड उतार आजवर या गवतापासून बरेचसे सुरक्षित मानले जात होते. ते आता तेथेही चढू लागले आहे.