संगणक-खोली आणि जुना मोडेम

देणगीतून संगणक-खोलीसाठी टॅब्लेट घ्यावेत, असा प्रस्ताव सध्या माजी विद्यार्थ्यांमध्ये चर्चेत आहे. देणगीदारांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु निर्णयापूर्वी वीसेक वर्षांपूर्वीचा एक अनुभव त्यांच्यापुढे ठेवणे अगत्याचे वाटते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते महानगरांपुरतेच होते. नांदेड-लातूरकडे पुढे बीएसएनएलचे संचारनेट आले. १७२२२२ हा क्रमांक फिरवायचा, मोडेमची किरकिर ऐकायची आणि भारनियमनाआधी काम उरकायचे. विंडोज विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती, आणि अदिन्नादानाचे शील शिकविणाऱ्या शाळेत चोरीची प्रत ठेवणे प्रशस्त वाटेना. म्हणून मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स बसविले.

लिनक्सला मोडेम दिसेचना. दुकानातून स्वस्तात मिळालेले ते संगणकाच्या आत बसणारे कार्ड होते. असा मोडेम अर्धाच असतो. संदेशाचे ध्वनीत रूपांतर करण्याचे काम तो संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलतो, आणि ते करून घेणारी प्रणाली उत्पादकाने केवळ विंडोजसाठी दिलेली. तिची रचना गुप्त. अखेर स्वतःचे काम स्वतः करणारा, बाहेर ठेवावयाचा मोडेम आणून सिरियल पोर्टला जोडला. त्याला फक्त 'एटी'ने सुरू होणाऱ्या आज्ञा द्याव्या लागत.

सीडीवर 'मोडेम-हाउटू' ही इंग्रजी पुस्तिका होती. नववीच्या मुलांनी ती शब्दकोश घेऊन वाचली. विंडोजमधील कॉम-१ म्हणजे लिनक्समधील टीटीवायएस-शून्य, हे त्यांनीच आम्हांस सांगितले. डब्ल्यूव्हीडायलच्या फाइलीत दूरध्वनी क्रमांक, वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड भरले. तरी पडद्यावर 'नो डायलटोन'! आमच्या लाइनीवरचा टोन मोडेमला ओळखू येत नव्हता. टोनची वाट न पाहता क्रमांक फिरविण्यास सांगणारी 'एटीएक्स३' ही आज्ञा घातली, तेव्हा कुठे जोडणी झाली. ५६ केबीपीएस हा वेग खोक्यावरच छापलेला. एक मेगाबाइट उतरण्यास पाच-सहा मिनिटे लागत, आणि कार्यालयात कुणी त्याच लाइनीवरचा फोन उचलला की सारे मुसळ केरात.

ती मुले ऊसतोड कामगारांची व शेतमजुरांची होती. सारी काही अभियंता झाली नाहीत, होण्याची गरजही नव्हती. पण यंत्र अडले तर दोष आपला नसून आत काहीतरी आहे, ते वाचून समजते आणि बदलता येते, हे त्यांनी अनुभवले. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्ही म्हणतो, ज्यांच्या पूर्वजांस अक्षरबंदी होती, त्यांच्या मुलांच्या हाती उघडताच न येणारी पेटी देऊन आपण समाधान मानू नये.

टॅब्लेटला वीज कमी लागते, त्यावर पाठ्यपुस्तके चांगली वाचता येतात, हे मान्य. डायल-अप परत यावे असेही कुणी म्हणणार नाही. तरी त्या निधीतून निदान चार संगणक असे घ्यावेत की ज्यांचे झाकण मुलांना काढता येईल, ज्यांवर लिनक्स असेल, आणि बिघडविल्याबद्दल ज्यांसाठी शिक्षा होणार नाही. ही शेवटची अट आम्ही अधीक्षकांस उद्देशून घातली आहे.

जुना मोडेम प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. त्याचा अ‍ॅडॉप्टर जळाला आहे. कुणाकडे जुळणारा असल्यास मेळाव्यास येताना आणावा.