डेटाबेस कोणता भारी? आधी दुधाचं बिल काढून दाखवा!

बुलेट भारी की स्प्लेंडर, हा वाद कट्ट्यावर कधी मिटलाय का? कॉम्प्युटरच्या पोरापोरींचाही असाच एक वाद आहे. मायएसक्यूएल भारी की पोस्टग्रेएसक्यूएल? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट जवळ आला की बारामतीत भिगवण रस्त्यावरच्या टपरीपासून इंदापूरच्या हॉस्टेलपर्यंत तो रंगतो. एखादा ‘ओरॅकलशिवाय नोकरी नाही’ म्हणतो, एखादी ‘एसक्यूलाइट पुरेसं आहे’ म्हणते. आणि गाडी शेवटी एकाच मुद्द्यावर येऊन थांबते: वेग कुणाचा जास्त?

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या कामासाठी वेग हा पहिला प्रश्नच नाही. पहिला प्रश्न असा, की चुकीचा आकडा समोर आला तर हा डेटाबेस त्याला दारातच अडवतो का?

हिशेब करून बघू. समजा, तुमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर ३०० उत्पादक आहेत. सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला ६०० नोंदी, वर्षाला २ लाख १९ हजार. दहा वर्षांच्या नोंदी झाल्या साधारण २२ लाख. ऐकायला मोठा आकडा, पण वर सांगितलेल्या चौघांपैकी कुणालाही तो साध्या लॅपटॉपवर सहज पेलतो. दहा दिवसांचा दुधाचा पगार काढताना कोण किती मिलिसेकंद पुढे, हे तुमच्या काकांना कधी कळणारसुद्धा नाही.

तरीही प्रोजेक्ट हळू चालतोय? मग डेटाबेसला शिव्या देण्याआधी इंडेक्स बघा. इंडेक्स म्हणजे काय, ते तलाठी कार्यालयात जाणाऱ्याला वेगळं शिकवायला नको. गट नंबर माहीत असेल तर सातबारा काढायचा, खातेदाराचं नाव माहीत असेल तर आठ-अ. जमीन तीच, शोधायची वाट वेगळी. आठ-अ नसता तर एका माणसाची सगळी जमीन शोधायला गावचे सगळे सातबारे चाळावे लागले असते. इंडेक्स नसलेल्या टेबलमध्ये डेटाबेस नेमकं हेच करत बसतो. ‘एक्सप्लेन’ ही कमांड चालवली की तो कोणत्या वाटेने गेला, ते समोर येतं.

वेगाच्या तुलनेचे जे तक्ते फिरतात, तेही जरा जपून वाचा. १९८३मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड डेविट आणि सहकाऱ्यांनी डेटाबेसच्या वेगाच्या चाचण्या जाहीर केल्या. त्यानंतर ओरॅकलने लायसन्समध्येच अट घातली: परवानगीशिवाय असे निकाल छापायचे नाहीत. त्या अटीला आजही ‘डेविट क्लॉज’ म्हणतात. उबरचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. ही कंपनी आधी मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेएसक्यूएलवर गेली आणि २०१६मध्ये पुन्हा मायएसक्यूएलकडे वळल्याचं तिने जाहीर केलं. त्यांच्याकडे जुन्या नोंदी सतत बदलत होत्या आणि इंडेक्सही भरपूर होते. अशा कामात पोस्टग्रेएसक्यूएलला प्रत्येक बदलामागे बरंच जास्त लिहावं लागत होतं. म्हणजे निकाल ठरला तो कामावरून, नावावरून नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. गायीच्या दुधाचा भाव साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ धरून ठरतो. घाईत ३.५च्या जागी ३५ टाइप झालं तर? तुम्ही टेबल बनवताना ‘फॅट अमुक मर्यादेतच हवं’ अशी ‘चेक’ अट लिहिली असेल, तर पोस्टग्रेएसक्यूएल ती नोंद घेतच नाही. मायएसक्यूएल मात्र ही अट वर्षानुवर्षं निमूट वाचायचं आणि सोडून द्यायचं. एरर नाही, काही नाही. २०१९च्या ८.०.१६ आवृत्तीपासून ते ही अट खरोखर पाळू लागलं. एसक्यूलाइट ‘चेक’ पाळतं, पण आकड्याच्या रकान्यात ‘साडेतीन’ असं अक्षरी लिहिलं तरी मुकाट ठेवून घेतं. ते नको असेल तर टेबल ‘स्ट्रिक्ट’ करावं लागतं, आणि ती सोय २०२१ची.

दुसरी गोष्ट ट्रॅन्झॅक्शनची. माळेगाव असो, सोमेश्वर असो की भवानीनगरचा छत्रपती; उसाची ट्रॉली आधी भरलेली काट्यावर चढते, गव्हाणीत रिकामी होते आणि पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. बिलातही तसंच. एकीकडे रक्कम जमा, दुसरीकडे उचल वजा. या दोन नोंदींच्या मधेच लाईट गेली तर? दोन्ही पूर्ण व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये. हीच ट्रॅन्झॅक्शनची हमी. मायएसक्यूएलचं जुनं मायआयसॅम इंजिन ती देत नव्हतं, २०१०च्या ५.५ आवृत्तीपासून ती देणारं इनोडीबी मुळातच निवडलेलं असतं.

१९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. हे दिवस मोजायचे कशावरून? टेबलमधल्या एका तारखेवरून. ती तारीख रिकामी राहिली, तर कुणाच्या तरी घरचं गणित बिघडतं. म्हणून ‘नॉट नल’ हे दोन शब्द परीक्षेच्या दोन मार्कांपुरते नाहीत.

मग निवडायचं काय? पैशांचा किंवा वजनाचा हिशेब असेल तर माझं मत पोस्टग्रेएसक्यूएलला. ते फुकट आहे, अटींच्या बाबतीत कडक आहे आणि गटांच्या हद्दी नकाशावर हव्या असतील तर जोडीला पोस्टजीआयएस आहे. रेंज नसलेल्या वस्तीवर मोबाईलमध्येच नोंदी ठेवायच्या असतील तर एसक्यूलाइट. वर्डप्रेसची वेबसाइट किंवा स्वस्त होस्टिंग असेल तर मायएसक्यूएल, फक्त आवृत्ती नवी घ्या. ओरॅकलचं लायसन्स महाग आहे. नोकरीत लागेल तेव्हा शिका. चौघांची भाषा एसक्यूएलच. एक नीट आलं की दुसऱ्यावर हात बसायला फार वेळ लागत नाही.

आणि हो, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. प्रोजेक्ट दाखवायच्या आधी तीन गोष्टी करून बघा. फॅटमध्ये ३५ टाका. दोन नोंदींच्या मधे प्लग ओढा. २२ लाख खोट्या नोंदी भरून एका उत्पादकाचं बिल काढा, एकदा इंडेक्सशिवाय, एकदा इंडेक्स लावून. मग टपरीवर या आणि खुशाल वाद घाला. फक्त येताना आकडे घेऊन या, चहा माझ्याकडून!