शोधनिबंध मोजायचे की वाचायचे?

संशोधकाची योग्यता ठरवताना त्याचे शोधनिबंध किती आणि त्यांना सायटेशन (म्हणजे इतर निबंधांतून मिळालेले हवाले) किती एवढेच पाहावे, असे म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. निवडसमितीत वशिला चालतो, गट-तट पाहिले जातात. आकड्याला मात्र कोणाची ओळख लागत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. मुलाखतीआधीच निकाल ठरलेला ज्याने पाहिला आहे, त्याला तो पटणारच. २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला तो अशाच वस्तुनिष्ठतेच्या ओढीने. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस सायटेशन आहेत, पण एकविसांना प्रत्येकी एकवीस नाहीत, त्याचा एच-इंडेक्स वीस. आता हाच हिशेब पुढे नेऊन पाहा. एकाचे वीस निबंध, प्रत्येकी वीस सायटेशन, एकूण चारशे. दुसऱ्याचे तीनच, पण प्रत्येकी दहा हजार, एकूण तीस हजार. पहिल्याचा एच-इंडेक्स वीस, दुसऱ्याचा तीन, आणि या तीन निबंधांवर तो कधीच तीनच्या वर जाणार नाही. पदोन्नतीच्या तक्त्यात हा दुसरा माणूस तळाला दिसेल.

मग एकूण सायटेशनच मोजू, असे कोणी म्हणेल. विज्ञानात सर्वाधिक सायटेशन मिळालेला निबंध म्हणून ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध ओळखला जातो. द्रावणात प्रथिन किती आहे हे रंगाच्या गडदपणावरून मोजण्याची पद्धत त्यात आहे. प्रयोगशाळेत ती वापरणारा प्रत्येक जण निबंधाचा हवाला देतो, म्हणून आकडा तीन लाखांच्या पुढे गेला. खुद्द लाउरी यांनाही तो काही थोर निबंध वाटत नव्हता. उलट डीएनएची रचना सांगणारा वॉटसन-क्रिक यांचा निबंध २०१४ साली ‘नेचर’ने काढलेल्या पहिल्या शंभरांच्या यादीच्या जवळपासही नव्हता. पद्धतीला हवाला लागतो. सर्वमान्य झालेले सत्य हवाल्याविनाच वापरले जाते. सायटेशन वापर मोजते, खोली नव्हे.

यावर जाणकारांचे उत्तर असे, की त्या त्या विषयाच्या सरासरीशी तुलना करावी. गणितज्ञाची जीववैज्ञानिकाशी तुलना टाळायला याचा उपयोग आहे, हे मान्यच. पण सायटेशनची वाटणी इतकी विषम असते, की मूठभर निबंध सरासरी वर ओढतात. मोठ्या संस्थेचा अंदाज अशा आकड्याने घेता येईल. एका माणसाचा निवाडा करता येणार नाही. लेखकांची संख्या हा आणखी एक घोळ: हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावरील २०१५ च्या निबंधाला ५,१५४ लेखक आहेत, तर गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमान यांनी प्वांकारेचे अनुमान सोडवले ते २००२-०३ मध्ये एकट्याने, कोणत्याही नियतकालिकाकडे न पाठवता. काळाचा प्रश्न तर सुटतच नाही. बनारसला वि. वा. नारळीकर यांच्याबरोबर काम करणाऱ्या प्र. चु. वैद्य यांनी प्रारण सोडणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे समीकरण १९४३ साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडले. त्याची महती कळायला १९६० चे दशक उजाडावे लागले. तीन वर्षांच्या प्रगतिपुस्तकात वैद्यांना किती गुण मिळाले असते?

आता वशिल्याचा आक्षेप, कारण तोच खरा आहे. पण आकड्यांनी वशिला संपला नाही, त्याने जागा बदलली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्रकाशनांना गुण लावले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. त्याला आवर घालायला पुढे मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी काढावी लागली आणि २०२५ मध्ये तीही बंद करावी लागली. एकमेकांना सायटेशन देणाऱ्या टोळ्या तक्त्यात निष्कलंकच दिसतात. वशिल्यावर उपाय उघडेपणाचा आहे. उमेदवाराने आपले सर्वोत्तम पाच निबंध द्यावेत, बाहेरच्या तज्ज्ञांनी ते वाचावेत, निवडीची कारणे लिहून जाहीर करावीत. आकडा फार तर शंका विचारण्यापुरता असावा. एवढे वाचणार कोण, हा प्रश्न येतो. ब्रिटनने २०२१ च्या राष्ट्रीय मूल्यांकनात सुमारे १ लाख ८५ हजार प्रकाशने तज्ज्ञ मंडळांपुढे ठेवली आणि नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांना मिळणाऱ्या सायटेशनची सरासरी, विचारात घेतला नाही. एका पदासाठी दहा उमेदवारांचे पन्नास निबंध वाचणे आपल्या समित्यांना जमलेच पाहिजे. ज्यांना तेवढा वेळ नाही, त्यांनी समितीवर बसू नये.