आठवण पुसली जाते की कुलूपबंद होते? डिमेन्शियात जनुकांचं काय बिघडतं, समजून घ्या

आजोबा सकाळचं जेवण विसरतात, पण १९७२ च्या दुष्काळातली सुकडी तपशीलवार सांगतात. बारामती-इंदापूरच्या घरांत यावर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हटलं की विषय संपतो. तो तिथं संपू नये. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा महिलांत जास्त.

मेंदूत होतं काय? नवी आठवण टिकायची तर पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात आणि त्यासाठी ठरावीक जनुकं सुरू व्हावी लागतात. नीरा डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल. कालवा भरून वाहत असला, तरी चारीचं दार उघडल्याशिवाय रान भिजत नाही. कुठलं दार कधी उघडायचं, हे ठरवणं म्हणजे जनुक-नियमन.

डीएनए हा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. गुंडाळी सैल असेल तर जनुक वाचलं जातं, घट्ट असेल तर नाही. ती घट्ट करणारं एक एन्झाइम म्हणजे ‘एचडॅक-२’. अमेरिकेतल्या एमआयटीच्या ली-हुई त्साई यांच्या गटाला २०१२ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ते वाढलेलं आढळलं, तेही आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यापासून. म्हणजे जनुक शाबूत, पण दार बंद. उंदरांमध्ये ते कमी केल्यावर स्मरणशक्ती सुधारली. याच गटाच्या २००७ च्या प्रयोगात तर खेळणी आणि फिरती चाकं असलेल्या पिंजऱ्यात ठेवलेल्या उंदरांना हरवलेली जुनी आठवण परत मिळाली.

पण उंदीर तो उंदीरच. माणसात फक्त हेच एक दार खोलणारं अल्झायमरचं औषध अजून बाजारात नाही, कारण एचडॅक कुटुंबातली एन्झाइम शरीरभर इतरही कामं करतात. शिवाय मेलेली पेशी परत येत नाही. त्यामुळं व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘जनुकं जागवणाऱ्या’ चूर्णावर पैसे घालवू नका.

त्यापेक्षा हाताशी असलेलं पाहा. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येऊ शकतो. त्यासाठीच्या १४ कारणांत रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर, एकटेपणा आणि ऐकू न येणंही आहे. बहिरेपणाला आपल्याकडं कुणी आजारच मानत नाही, हे जास्त खटकतं. बी-१२ किंवा थायरॉइडच्या कमतरतेनंही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचारानं बरा होऊ शकतो.

बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय. दोन्हीकडं आठवड्यातला एक ठरलेला दिवस स्मृती-तपासणीसाठी हवा आणि तो आशाताईंमार्फत वाडीवस्तीवर कळायला हवा. तोवर साखरेच्या तपासणीला आजींना नेताना डॉक्टरांना एवढं जरूर सांगा: हल्ली त्या एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारतात, आणि हे कधीपासून सुरू झालं.